नवव्या पावलाचा थांबा

१

सकाळची शाळा सुटली की मी जवाहर रोडवरच्या एका छापखान्याच्या माडीवर येत असे. तिथे माझी भाड्याची खोली होती. चहा घेत खिडकीत बसायचं आणि रस्त्यावरून जाणाऱ्या लोकांचे पाय बघायचे, हा माझा रोजचा कार्यक्रम. चेहरे बघण्यासारखे नसतातच. कचेरीतले कारकून टाचा घासत जात, वकील आधी पोट पाठवत आणि मग स्वतः येत. आमचे हेडमास्तर तर देवाने गुडघे द्यायचे विसरल्यासारखे चालत. या माणसाच्या हाताखाली मी अकरा वर्षं पोरांना फुलदाण्या काढायला शिकवत होतो.

चालणं म्हणजे पुढे पडायचं आणि पडता पडता सावरायचं. अमरावतीत हे मी सोडून कोणाला ठाऊक नव्हतं, आणि सांगण्याच्या लायकीचं कोणी भेटलंही नव्हतं. मला या गावातून बाहेर पडायचं होतं. मुंबईच्या एका चित्रपट केंद्रात हलत्या चित्रांचा विभाग निघणार होता. तिथल्या साहेबाने लिहिलं होतं, एक पूर्ण काम दाखवा, त्यात माणूस खऱ्या माणसासारखा चालताना दिसू द्या, मग तुमचा विचार करू. अकोल्याच्या एका कापूस संघाला त्याच सुमारास 'स्वच्छ वेचणी' या विषयावर चार मिनिटांचं चित्र हवं होतं. कापसाशी मला काही घेणंदेणं नव्हतं. पण त्यात एक बाई वेचत चालणार होती, आणि मला तेवढंच पुरे होतं. हे १९६० सालचं.

घरी अनसूया, माझी बायको. लग्नाला सोळा वर्षं झाली होती. मूल नव्हतं, आणि बोलणंही बेताचंच होतं. शुक्रवारी आम्ही अंबादेवीला जायचो तेव्हा ती माझ्या दहा पावलं मागे असायची. एकदा तिने जरा हळू चला म्हटलं होतं. दुसऱ्यासाठी रेंगाळलं की चालणाऱ्याची लय जाते, असं मी तिला समजावून सांगितलं. तिने पुन्हा तो विषय काढला नाही.

२

दिवाळीनंतर पंधरा दिवसांनी संघाचा देवमन मला भातकुलीच्या पुढे एका शेतात घेऊन गेला. देवमन तिथल्याच गावचा. संघात त्याचं काम काय होतं हे मी विचारलं नाही. पण दोन बल्ल्या रोवून त्यांना वीस हात लांब पांढरं कापड त्याने नीट ताणून बांधलं, एवढं खरं. त्या कापडापुढून चालायला त्याने भागीरथा नावाची बाई आणली होती. वय तिशीचं, कमरेला कापसाची ओटी बांधलेली, नजर खाली.

मी तिच्या घोट्यावर, गुडघ्यावर, कमरेवर, खांद्यावर आणि कोपरावर काळ्या कापडाचे तुकडे टाचायला सांगितले.

"हे काहून जी?" तिने विचारलं.

"मला तू नको आहेस. तुझे सांधे हवेत," मी म्हणालो.

माझा चावीचा कॅमेरा फिरू लागला आणि ती चालली. वाकायचं, दोन्ही हातांनी बोंड सोडवल्यासारखं करायचं, हात ओटीकडे, पुन्हा पाऊल. मी जन्मात इतकी सरळ चाल पाहिली नव्हती. आणि नवव्या पावलाला ती थांबली. वजन डाव्या पायावर घेतलं, मान जराशी मागे वळवली, डावा हात खाली सोडला आणि तळवा मागच्या बाजूला उघडा धरला. मग सावकाश पुढे निघाली.

"थांबू नको," मी ओरडलो.

"थांबा लागते जी."

"इथे तुझा मालक उभा नाही. सरळ चालत जा."

ती पुन्हा पहिल्यापासून चालली आणि पुन्हा नवव्या पावलाला थांबली. तिसऱ्यांदाही तेच. देवमन माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "राहू द्या मास्तर. तिची चाल तशीच हाय."

कोणासाठी थांबतेस, असं मी तिला विचारू शकलो असतो. मला गरज वाटली नाही. खेडवळ माणसाच्या अंगात असले निरर्थक झटके असतातच, आणि ते काढून टाकण्यासाठीच तर कलावंत असतो. मी कॅमेरा बंद केला.

३

खोलीच्या खिडक्यांना काळा कागद लावून मी भर दुपारी काम करत असे. टेबलात काच बसवलेली. खालून प्रोजेक्टरचा उजेड आरशावर पडायचा आणि वर काचेवर भागीरथेचं एक एक चित्र स्थिर उमटायचं. त्यावर कागद ठेवून गिरवायचं. प्रत्येक कागदाला वर दोन भोकं, ती टेबलावरच्या दोन खुंट्यांत अडकवायची, म्हणजे चित्र केसभरही सरकत नाही. वेचणीच्या एका पावलाला सोळा चित्रं. नऊ पावलांची एकशे चव्वेचाळीस.

पुढची एकतीस चित्रं थांब्याची होती. ती सवयीने मीही गिरवली. मागे उघडा धरलेला तो तळवा मला फार चांगला जमला होता, पण त्याचा उपयोग नव्हता. एकतीसही कागद मी रद्दीच्या टोपलीत टाकले आणि एकशे चव्वेचाळीसला एकशे शहात्तर जोडला. आता बाई न थांबता चालणार होती.

गठ्ठा अंगठ्याने भराभर सोडला की चित्र हलतं. सांध्याच्या जागी हिसका बसत होता. अशा वेळी एकच उपाय असतो, ती चाल स्वतः चालून बघायची. मी धोतराचा सोगा ओटीसारखा धरला आणि टेबलाभोवती भागीरथेची चाल चालू लागलो. सात, आठ, नऊ, आणि न थांबता दहा. बरोबर त्या वेळी माझ्या मागे पावलं वाजली. अनवाणी, लहान, घाईची. चार-पाच. मग शांत.

मी थांबलो. खाली छापखान्याचं ट्रेडल यंत्र चालू असलं की माडीची फरशी असे काहीबाही आवाज करते. मी पुन्हा चाललो. नऊ, दहा, आणि पुन्हा ती पावलं. त्या दुपारी मी शंभर वेळा तरी ती चाल चाललो असेन. प्रत्येक वेळी दहाव्या पावलाला ट्रेडलने साथ दिली. हिसका शेवटी गेला, आणि मी स्वतःवर खूष होऊन खाली उतरलो.

छापखान्याच्या दाराला कुलूप होतं. तो गुरुवार होता, आणि गुरुवारी छापखाना बंद असतो.

४

दुसऱ्या दिवशी अंबादेवीला जाताना गांधी चौकात अनसूया माझ्या शेजारी येऊन पोहोचली. असं कधी होत नसे.

"आज तुम्ही थांबलात," ती म्हणाली.

"मी? कशाला थांबेन?"

"तीनदा थांबलात. मी येईपर्यंत."

तिच्या चेहऱ्यावर लग्नातल्या फोटोत होतं तसं काहीतरी आलं होतं. मला ते बघून अवघडल्यासारखं झालं. मी तिला सांगितलं की हा स्नायूंचा प्रकार आहे. शिंप्याची बोटं रिकामी असतानाही कातरीसारखी हलतात, तसंच. सबंध महिना एकाच बाईची चाल गिरवली की ती अंगात भिनते. माझं म्हणणं तर्काला धरून होतं. ती फक्त हं म्हणाली आणि माझ्या बरोबरीने चालू लागली.

नवव्या पावलाला मी पुन्हा थांबलो. आता ती माझ्या शेजारीच होती, म्हणजे तिच्यासाठी थांबण्याचा प्रश्नच नव्हता. हे तिच्याही लक्षात आलं. तिने मागे वळून पाहिलं. जरासं खाली. मग ती एक हातभर बाजूला सरकली आणि आमच्या दोघांच्या मध्ये जागा ठेवली.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही. चला."

मी मागे पाहिलं नाही. आपण कशाला पाहायचं, असं मी मनाशी म्हणालो. पण खरं सांगायचं तर मला भीती वाटली होती.

५

मार्चमध्ये अकोल्याला संघाच्या सभागृहात चित्र दाखवलं. दुपारची वेळ, दारांना सतरंज्या लावून अंधार केलेला. पुढच्या रांगेत अध्यक्ष आणि पानं चघळणारे सात-आठ संचालक. सरकीशिवाय दुसरं काही न कळणारी ही मंडळी माझ्या कलेचा निकाल लावणार होती. मी शेवटच्या रांगेत देवमनच्या शेजारी बसलो.

पडद्यावर भागीरथा आली. वाकली, वेचलं, पाऊल. चाल इतकी खरी होती की संचालकांची तोंडं चालायची थांबली. मी पावलं मोजत होतो. आठ, नऊ. जोड कोणाला कळला नाही. दहा.

डाव्या कडेने, तिच्या मागून, काहीतरी लहान आत आलं.

ते पळत होतं. अंगाच्या मानाने डोकं मोठं, पोट पुढे, पाय फाकलेले. प्रत्येक पावलाला तोल जात होता आणि प्रत्येक पावलाला ते सावरत होतं. रेषा माझी होती. माझ्याच टाकाची, वळणावर जाड होणारी. तोंडाच्या जागी मात्र काहीच काढलेलं नव्हतं. बाई थांबत नव्हती म्हणून त्याला पळावं लागत होतं. जवळ येई, दोन हात उचले, तोवर बाई पुढे गेलेली असे.

मी हे काढलेलं नव्हतं. आणि भीतीच्याही आधी मला जे वाटलं ते लाजिरवाणं आहे, तरी सांगतो. मला हेवा वाटला. तीन वर्षांच्या पोराचं पळणं कागदावर आणणं मला येत नाही. मी पुष्कळदा करून पाहिलं आहे, लाकडी बाहुली होते. पडद्यावर मात्र घोट्यापासून मानेपर्यंत एकही सांधा खोटा नव्हता.

सतरंज्या काढल्या. अध्यक्ष उठून माझ्यापर्यंत आले. "मास्तर, कापसाचं राहू द्या. ते मागं पळून राह्यलं लेकरू काय काढलं तुमी. मी मुंबईच्या सायेबाले सोता लिहितो."

मी काढलं नाही, असं म्हणायला तिथे एक क्षण होता. मुंबईही त्याच क्षणात होती.

"प्रयत्न केला," मी म्हणालो.

जिन्यात देवमनने मला गाठलं. "मास्तर, तुमी तिले कुठी पायलं?"

"कोणाला?"

"भागीरथेच्या पोरीले. तिच्या मागं मागं चाले वेचणीत. नऊ पावलं झाली का माय थांबे अन् हात धरू दे." तो कठड्याला धरून उभा राहिला. "दोन सालं झाली तिले जाऊन. तुमी तर कधी पायलीच नाई."

६

मुंबईचं पत्र वीस दिवसांत आलं. जागा माझी होती. फक्त त्या लहान आकृतीची मूळ चित्रं साहेबांना पाहायची होती; ती घेऊन पंचवीस एप्रिलच्या आत हजर व्हा, असं लिहिलं होतं.

मूळ चित्रं नव्हतीच. फिल्मची पट्टी मी भिंगाखाली धरली, तिच्यात पोर होतं. ज्या कागदांवरून ती फिल्म मी स्वतः घेतली होती, ते एक एक करून पाहिले. त्यांत नव्हतं. तीन दिवस बसून मी ते पळणं काढायचा प्रयत्न केला आणि नव्वद बाहुल्या फाडल्या. मग मला टोपलीतले ते एकतीस कागद आठवले. निदान तिथून काही धागा लागेल असं वाटलं.

"ती रद्दी मी घरी आणली होती, बंबात घालायला," अनसूया म्हणाली. "घालायच्या आधी पाहिली एकदा. तो हात फार छान काढला होता तुम्ही."

एक पर्याय उरला होता आणि तो माझ्या प्रतिष्ठेला शोभणारा नव्हता. मी भागीरथेकडे गेलो. उन्हाळा लागलेला. ती शेतात कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटत होती, एका तासाने, म्हणजे एका ओळीने, सरळ पुढे. मी बांधावरून मोजलं. नऊ, दहा, अकरा. ती थांबली नाही. तासाच्या शेवटाला पोहोचली तेव्हाच तिने कंबर सरळ केली आणि मला पाहिलं.

"तू थांबली नाहीस," मी म्हणालो.

"आता नाई लागत थांबा." पदराने तोंड पुसत ती माझ्याकडे आली. "तुमी मले कागदावर घेतलं अन् तवापासून मांगं कोनी नाई. अंगाले हलकं लागते. अन् वाईट बी लय लागते."

तिला काय विचारायचं ते मी बसमध्ये ठरवून आलो होतो. पोर कसं पळायचं, पाऊल आधी कुठे टेकायचं, हात कसे असायचे. पण भागीरथा माझ्याकडे बघत नव्हती. माझ्या डाव्या गुडघ्याच्या मागे, जमिनीपासून दीड हातावर, तिची नजर ठरली होती. तिचा हात थोडा उचलला गेला. मग तिने तो पदरात गुंडाळून घेतला.

"तुमी लय भराभर चालता," ती म्हणाली. "हळू चालत जा मास्तर. तिचे पाय लहान हायेत. अन् दुपारच्यानं डांबरी सडकेनं नका आनत जाऊ तिले. चप्पल नाई पायात."

ती पुन्हा तासाला लागली. मी बांधावरून रस्त्यापर्यंत आलो. किती वेळा थांबलो ते मोजलं नाही. पण एकदाही मागे वळून पाहिलं नाही, आणि डांबरी सडक आल्यावर कडेच्या मातीवरून चाललो. एका शिकल्यासवरल्या माणसाने असं करावं याची मला त्या वेळीही चीड आली.

७

एप्रिलच्या एकवीस तारखेला शुक्रवार होता.

आदल्या रात्री मी विचार करून ठेवला होता. काय असायचं ते असो, माझ्या मागे एक नमुना चालत होता, जगातल्या कुठल्याही चित्रकाराला न मिळणारा. मला फक्त वळून पाहायचं होतं. डोळ्यांत साठवायचं, घरी येऊन कागदावर उतरवायचं, आणि मंगळवारच्या आत मुंबई गाठायची. वही-पेन्सिल खिशात होती. भीती वाटत होती. पण पुढची वीस वर्षं हेडमास्तरांची चाल बघत काढायची, त्याची जास्त वाटत होती.

ऊन उतरल्यावर आम्ही अंबादेवीला निघालो. अनसूया आता दर वेळी माझ्या बरोबरीने चाले, मध्ये हातभर जागा ठेवून. गेल्या महिन्याभरात ती बदलली होती. गुणगुणायची. मी शाळेतून आलो की दार उघडून आधी माझ्या मागे बघायची, मग मला आत घ्यायची. दुधाची भांडी एकाऐवजी दोन ठेवलेली मी पाहिली होती आणि विचारलं नव्हतं.

राजकमल चौक ओलांडला. मी मोजत होतो. सात, आठ, नऊ. मी थांबलो, वजन डाव्या पायावर घेतलं, आणि आयुष्यात पहिल्यांदा कोणासाठी तरी मागे वळलो.

मागे रस्ता होता. एक सायकलवाला, उसाच्या रसाची गाडी, आणि ऊन. गुडघ्याच्या उंचीला काहीही नव्हतं. मी पाहत राहिलो. मग सुटल्यासारखं वाटलं, आणि लगेच फसवल्यासारखं.

वळलो तेव्हा अनसूया पुढे गेलेली होती. दहा पावलं असतील. मी थांबलो होतो, ती थांबली नव्हती. ती हळू चालत होती, फार हळू, कडेच्या मातीवरून. तिचा डावा हात खाली सोडलेला, तळवा मागे उघडा. मीच काढलेला हात, एकतीस कागदांवरचा.

मग तिची बोटं मिटली.

तिचा डावा खांदा किंचित उतरला. खांदा असा उतरतो तो हाताला वजन असेल तरच. हे सोंग घेऊन जमत नाही. मला जे काढायचं होतं ते सगळं माझ्या पुढे दहा पावलांवर, पाठमोरं, लख्ख उजेडात चाललं होतं. फक्त नजर तिच्या बोटांवरून खाली आणायची होती. वही खिशातच राहिली. मी तिच्या खांद्याकडेच बघत राहिलो.

त्यांच्यापर्यंत पोहोचावं म्हणून मी चालू लागलो. नऊ पावलं झाली आणि माझे पाय आपसूक थांबले. पुन्हा निघालो, पुन्हा थांबले. त्या दोघी थांबत नव्हत्या. अंतर वाढत होतं. देवळाकडचं वळण आलं आणि त्या आता दिसेनाशा होतील असं मला वाटलं.

"अनसूया," मी हाक मारली. "जरा थांब."

तिने मान वळवली नाही. हाताच्या बाजूला थोडी वाकली आणि कोणाला तरी समजावल्यासारखं म्हणाली, "येतील ते मागून. तू चल."